दोन पळ्या जुनं

ओढ्याकाठच्या एका गावात हणमंत नावाचा एक तांबट होता. तांब्याची भांडी कोणी घेईना, म्हणून तो विजेवर चालणाऱ्या दूधगाड्यांच्या बॅटऱ्या बनवू लागला. बॅटरीत भरायचा द्रव कामाला चांगला होता, पण तो रॉकेलसारखा पेट घ्यायचा आणि ओढ्यात सांडला तर मासे मरायचे. एकदा चार्जिंगला लावलेली बॅटरी फुटली आणि कडब्यासकट एक गोठा जळाला. त्या दिवसापासून त्याच्या बॅटऱ्यांना कोणी हात लावीना.

त्याची सून शरयू रसायनशास्त्र शिकलेली. तिने दोन वर्षे खपून नवा द्रव तयार केला. त्या बॅटरीत खिळा ठोकला तरी ती नुसती कोमट होई. द्रव सांडला तरी ओढ्याला बाधत नसे. खोड एकच. कडक थंडीत तो दाट होई आणि गाडी लवकर हलत नसे.

पौषातल्या एका सकाळी दूध संस्थेच्या अध्यक्ष गोदाक्का चाचणी घ्यायला येणार होत्या. त्यांनी नाही म्हटले तर कारखान्याला कुलूप लागणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते.

"सूनबाई, दोन पळ्या जुनं घाल की त्यात, म्हणजे थंडीत अडायची नाही," आदल्या दिवशी हणमंत म्हणाला. "कुणाला कळतंय?"

म्हातारा मनाने वाईट नव्हता. घाबरला होता, इतकेच. घाबरलेल्या माणसाला दोन पळ्या फार थोड्या वाटतात. शरयूने जुन्या द्रवाच्या डब्याला हात लावला नाही.

सकाळी गाडी सुरूच होईना. जमलेले लोक हसू लागले. हणमंताने मान खाली घातली.

"आक्का, थंडीत ही अडून बसते," शरयू म्हणाली. "थोडा वेळ उन्हात ठेवली की चालेल. जुनं मिसळलं असतं तर आत्ता पळाली असती, पण मग पुढंमागं पेटलीही असती."

"मिसळलं असतंस तर आम्हाला कळलं असतं होय?" गोदाक्कांनी विचारले.

"आज नसतं कळलं. गोठा पेटल्यावर कळलं असतं."

गोदाक्कांचा जन्म दुधातले पाणी पकडण्यात गेला होता. थोडंसंच घातलंय म्हणणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. घातले नाही म्हणून चारचौघांत हसे करून घेणारी त्यांना पहिल्यांदाच भेटली. त्या गाडीशेजारी बसून राहिल्या. ऊन चढले आणि गाडी निघाली.

"सगळ्या गाड्यांना हीच बसवा," त्या म्हणाल्या. "थंडीत अर्ध्या तासाच्या उशिरानं दूध नासत नाही. आणि पहिली चार्जिंगला माझ्याच गोठ्यात लावा."

तात्पर्य: घातक गोष्ट थोडीशीच मिसळली, तरी ती घातकच राहते. आपला उशीर सोसावा, पण दुसऱ्याच्या दारी धोका पाठवू नये.