मॅकब्राइडच्या घराचे ओंडके

चेरोकी लोकांच्या मुलखात, डोंगराच्या पायथ्याशी एका गावात सलाली नावाची म्हातारी राहायची. एका हंगामात तिचा पाय मोडला आणि तिच्या मक्यात तण माजलं. चेरोकी भाषेत 'गडूगी' असा एक शब्द आहे. कुणाचं काम अडलं की सगळ्या गावाने मिळून, बदल्यात काही न मागता, ते उरकून द्यायचं, ती गडूगी. सलालीच्या शेतावर गडूगी न्यायचं गावाच्या बैठकीत ठरतच होतं, तेवढ्यात मॅकब्राइड उठला. हा बाहेरून येऊन गावात स्थायिक झालेला व्यापारी. सलालीच्या नदीकाठच्या शेतावर त्याचा कधीचा डोळा होता.

"ही गडूगी म्हणजे ऐतखाऊंची सोय," तो म्हणाला. "ज्याला आपलं आपल्याला निभावत नाही, त्याने सोडून द्यावं. शेत मी घेतो."

दोन-चार तरुणांनी माना डोलावल्या. सलाली काठी टेकत उभी राहिली.

"मला पटलं याचं," ती म्हणाली. "फक्त नियम सगळ्यांना एकच लावा. उद्या गडूगी माझ्याकडे नको, याच्या घरी न्या. घर उभारताना ज्याने जो ओंडका चढवला, त्याने तो काढून आणावा. उरेल त्यात याला सुखाने राहू दे, आणि माझं शेतही घेऊ दे."

गडूगीनेच उभ्या राहिलेल्या त्या घराला हात न लावलेला माणूस बैठकीत एकच होता, तो म्हणजे मॅकब्राइड.

"छपरापासून सुरुवात करावी लागेल," कोपऱ्यातला सुतार शांतपणे म्हणाला.

मॅकब्राइड खाली बसला.

दुसऱ्या दिवशी मक्यात सगळ्यांच्या आधी तोच खुरपत होता. सलाली बांधावर टेकली आणि जरा वेळ बघत राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "मागे त्या कोपऱ्यात तण राहिलंय तुझं."