खरचटलेला हत्ती

फार पूर्वी, जंगलाच्या कडेला वसलेल्या एका गावात तुळसाक्का नावाची बाई लाकडी खेळणी करायची. भोवरे, बाहुल्या, चाकांच्या गाड्या, सगळं एकटीच घडवायची आणि रंगवायची. लाकूड मिळायचं राणीच्या जंगलातून. राणीची परवानगी होती, म्हणून तिचं काम चालत होतं.

एके दिवशी राजवाड्यातून शिपाई आला. राजकन्या हेमकला सात वर्षांची होणार होती, तिच्यासाठी खेळणं हवं होतं.

"राणीसाहेबांना पसंत पडलं पाहिजे," शिपाई म्हणाला. "एकही ओरखडा चालायचा नाही. नापसंत झालं, तर जंगलातलं लाकूड बंद."

तुळसाक्काने महिनाभर खपून एक हत्ती केला. पायांना चाकं, गळ्यात ओढायची दोरी. चाकं फिरली की सोंड खाली-वर व्हावी, सुपासारखे कान हलावेत, अशी आत युक्ती केली होती. वर लाखेचा लालभडक रंग. मऊ कापडाच्या धडप्यात गुंडाळून, डोक्यावर घेऊन ती राजवाड्याकडे निघाली.

वाटेत नदी लागली. नाव पलीकडच्या काठाला गेली होती, परत यायला दुपार कलणार होती. तुळसाक्का झाडाखाली बसली आणि हत्तीला कुठे धक्का तर लागला नाही ना, हे बघायला तिने धडपा जरा सोडला.

काठावर पाच-सहा मुलं खेळत होती. हत्ती दिसताच ती धावत आली आणि तिच्यासमोर रांगेत उभी राहिली. चुकून हात लागू नये म्हणून सगळ्यांनी हात पाठीमागे घट्ट धरले होते.

"आजी, हा चालतो का?" सर्वांत पुढे असलेल्या सोनकीने विचारलं.

"चालतो ना. सोंडही हलवतो."

"तुम्ही चालवून बघितला?"

तुळसाक्काने हत्तीकडे पाहिलं. तिने चाकं हाताने फिरवून बघितली होती, पण हत्तीला जमिनीवर काही ठेवलं नव्हतं. रंग खराब होईल ही भीती.

"नाही गं. राजकन्येचा आहे तो."

"मग मजा येते की नाही, ते तुम्हाला कसं कळलं?" सोनकीने विचारलं. तिच्या विचारण्यात आगाऊपणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

तुळसाक्काला जंगल आठवलं, शिपायाचा शब्द आठवला. मग तिने पाठीमागे धरलेल्या त्या हातांकडे पाहिलं. अशा हातांसाठीच तर आपण जन्मभर लाकूड तासत आलो, असं तिच्या मनात आलं. तिने धडपा बाजूला केला, हत्ती जमिनीवर ठेवला आणि दोरी सोनकीच्या हाती दिली.

मग काय विचारता. हत्ती काठावरून फिरला, वाळूत रुतला, गवतातून निघाला. मुलांनी त्याला पानं भरवली, पाणी पाजलं, पाठीवर दगडांचा राजा बसवला. उतारावरून सोडला तेव्हा तो असा काही सुसाट निघाला की सगळी ओरडत मागे धावली, आणि त्यांच्यामागे लुगडं सावरत तुळसाक्काही. तिच्या केसांत गवत अडकलं होतं. इतकी ती कित्येक वर्षांत धावली नव्हती.

उताराच्या तळाशी हत्ती खडकावर आपटला. एका कानाचा टवका उडाला, पोटावरचा रंग खरवडला. मुलं जागीच थांबली. सोनकीचे डोळे भरून आले.

"रडायचं नाही," तुळसाक्का तिला जवळ घेत म्हणाली. "हत्ती आहे. फिरायला गेला की अंगाला लागायचंच. उचल बरं त्याला."

दुसऱ्या दिवशी ती राजवाड्यात पोहोचली. राजकन्येच्या दालनात भिंतभर फळ्या होत्या. त्यांवर चांदीच्या बाहुल्या, काचेचे मोर, मोत्यांची भातुकली, सगळं लखलखीत. मधोमध हेमकला हात मांडीवर ठेवून बसली होती.

राणीने हत्ती पाहिला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "हे काय? हा तर खरचटलेला आहे."

आता लाकूड बंद होणार, हे तुळसाक्काला दिसत होतं. पण खोटं सांगणं तिच्या जिवावर आलं. "राणीसाहेब, नदीकाठची मुलं याच्याशी खेळली. मीच दिला होता त्यांना. चूक माझी आहे."

राणी शिपायाकडे वळणार, तोच मागून हेमकलाचा बारीक आवाज आला.

"आई, याचा कान आधीच तुटलाय ना? मग मी याला हात लावला तर चालेल?"

राणीने फळ्यांवरून नजर फिरवली. 'हात लावू नको, मोडेल,' हे आपण किती वेळा म्हटलं असेल, ते तिला मोजता येईना.

"लाव," ती हळूच म्हणाली.

हेमकलाने दोरी धरून ओढली. खडखड करत हत्ती निघाला, सोंड वर गेली, तुटका कान हलला. राजकन्या आधी चालली, मग धावली. खांबाला वळसा घालताना पाय घसरून ती फरशीवर बसली आणि खदखदून हसायला लागली. हसता हसता तिला उचकी लागली.

राणी तिच्या शेजारी फरशीवरच बसली. "मला दे बरं जरा," असं म्हणून तिने दोरी घेतली.

तुळसाक्काचं लाकूड बंद झालं नाही. उलट त्याच संध्याकाळी फळ्यांवरची सगळी खेळणी खाली उतरली, आणि राजवाड्याचं अंगण गावातल्या मुलांसाठी उघडलं. महिन्याभरात एक काचेचा मोर फुटला, दोन बाहुल्यांचे हात निखळले. हेमकलाला मात्र अकरा मैत्रिणी मिळाल्या.

तात्पर्य: जपून ठेवलं तर ती नुसती वस्तू; खेळलं तरच ते खेळणं.