साळुंकीचे तांदूळ

निवळीच्या बंदरावर उतरलात की सारा किनारा तांबड्या जांभ्याचा दिसेल, आणि मधेच हा काळ्या धोंड्यांचा पुरुषभर उंच ढीग. असला दगड इकडे मिळत नाही. तो समोरच्या कासवदुर्गाचा. एका गलबताने इथे आणला, असे सांगतात.

गलबताचे नाव साळुंकी. आरमारातले सर्वांत लहान मालवाहू. बारा वर्षे तिने किल्ल्याला तांदूळ, चुना, दारूगोळा पोचवला. एकदा तर किल्लेदारांची दुभती म्हैससुद्धा. लढाऊ जहाजांवरचे गडी तिला 'भाताची टोपली' म्हणून चिडवीत. तिचा तांडेल धाकोजी म्हणे, "टोपली रिकामी आली की कळेल."

आणि तशी वेळ आली. शत्रूने किल्ला वेढला. खडकांतल्या उथळ वाटेने साळुंकी तेवढी जाई. मोठ्या जहाजांना तिथे शिरता येईना, म्हणून शत्रू लांबून दुर्बीण लावून उपासमारीची वाट पाहत बसला. त्यातच निवळीचे कोठार जळाले. घाटावरून धान्य यायला दहा दिवस, आणि किल्ल्यावर तीनशे माणसांपुरती पाचच दिवसांची पेज.

रिकामे गलबत पाण्यावर उंच तरंगते, भरलेले खोल बसते. हे शत्रूलाही कळते, असा धाकोजीने हिशेब केला आणि साळुंकी रिकामीच हाकली. किल्ल्याच्या धक्क्यावर किल्लेदार येसबा स्वतः उभे होते.

"तांदूळ कुठायत, तांडेल?"

"नाहीत, सरकार. धोंडे द्या, पोत्यांत भरून."

"आता धोंडे शिजवतोस होय रे?"

"आपल्याला नाही. त्यांना चारायचेत." धाकोजीने शत्रूच्या शिडांकडे बोट केले.

 येसबांनी पहिले पोते स्वतःच्या खांद्यावर घेतले, म्हणे.

चार दिवस, रोज दोन खेपा. उपाशी माणसे धोंड्यांची पोती वाहत होती. साळुंकी हलकी जाई आणि काठापर्यंत बुडून परते. चौथ्या दिवशी तिच्या फळ्या उकलल्या. निम्मे खलाशी पाणी उपसत, निम्मे वल्ही मारत निवळीला लागले. शत्रूला एकच दिसत होते: किल्ल्यातून धान्य बाहेर चालले आहे. इतके भरलेले कोठार रिते कधी व्हायचे? पाचव्या सकाळी त्यांनी नांगर उचलले. वाट मोकळी झाली आणि संध्याकाळपर्यंत शेजारच्या बंदरातून किल्ल्यावर तांदूळ पोचला. साळुंकी मात्र पुन्हा पाण्यात उतरली नाही.

आजही निवळीची नवी होडी पहिल्या खेपेला कासवदुर्गाला रिकामी जाते आणि पोत्यात एक काळा धोंडा घालून आणते. खांद्यावर पोते घेऊन तांडेल ढिगाकडे चालू लागला की कुणीतरी म्हातारा विचारतोच, काय आणलंस म्हणून. तांडेल न हसता सांगतो, "तांदूळ."