रिकाम्या पाटीचा बाजार

नदीकाठच्या एका गावी एकदा भाजीपाला पिकवून विकणारे एक वृद्ध माळवेकरी राहत होते. सारे गाव त्यांना आबा म्हणे. आपले मळे त्यांनी केव्हाच मुलांच्या स्वाधीन केले होते. ज्ञान मात्र दिले ते एका शिष्येला. तिचे नाव हौसा. ती विणकराच्या घरची लेक, मातीशी तिचा कधी संबंध आला नव्हता. लग्नानंतर काही वर्षांनी नवरा केरबा अर्धांगवायूने खाटेला खिळला आणि अर्ध्या एकराचा भाजीमळा एकटीच्या अंगावर पडला. तेव्हा वांग्याचे रोप कोणते नि मिरचीचे कोणते, हेही तिला कळत नव्हते. वाफे ओढण्यापासून आठवडी बाजारात भाजी मांडण्यापर्यंत सारे तिला आबांनी शिकवले.

फाल्गुनात एके दुपारी गारपीट झाली. दोडक्याचा मांडव भुईसपाट झाला, टोमॅटोचा चिखल झाला, मेथीच्या वाफ्यांवरून तर जणू वरवंटा फिरला. बातमी ऐकून शहरातून धाकटा दीर दिगंबर धावत आला.

"वहिनी, आता पुरे झालं," तो म्हणाला. "दादाला घेऊन माझ्याकडे चला. शेत कुणाला तरी करायला देऊ. पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन येतो."

दिगंबर मनाने चांगला होता. म्हणूनच त्याला नाही म्हणणे कठीण होते. हौसाने होकारार्थी मान हलवली आणि आबांच्या घरी जाऊन सांगितले, "आबा, उद्या मी बाजाराला येत नाही. नेऊ तरी काय?"

"तुझी पाटी नि तराजू देऊन ठेव," आबा एवढेच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शेजारीण सांगत आली, "अगं, तुझ्या जागेवर आबा बसलेत. पुढ्यात रिकामी पाटी! सगळा बाजार हसतोय."

हौसा तशीच तरातरा निघाली. खरोखरच गोणपाट अंथरून, तराजू मांडून म्हातारा ताठ बसला होता. "आबा, वारा कसा किलो दिला?" कोणीतरी विचारले आणि हशा पिकला. आबा शांतपणे म्हणाले, "आज काही नाही. पुढच्या बाजाराला या."

"का हो माझं हसं करता?" हौसा म्हणाली. "भोगलं ते कमी झालं का?"

"बस इथं," आबा म्हणाले. "हौसा, गारांनी तुझं माळवं नेलं. त्यांना तेवढंच नेता येत होतं. ही जागा त्यांना नेता येत नाही, ती तू उठलीस तरच जाते. सकाळपासून तो कांदेवाला दोनदा इथं पथारी टाकायला आला. मी नसतो तर आत्ता इथं कांद्याचा ढीग असता. आभाळ तुला विचारून वागत नाही ना? मग प्रत्येक गोष्ट तू आभाळाला विचारून का करतेस? शेत झोडपलं गेलं, हे खरं. पण हौसा संपली, असं आभाळ म्हणालेलं नाही. ते तू म्हणते आहेस."

"बोलायला सोपं आहे, आबा. पुढच्या बाजाराला आणू काय? चिखल?"

"ते मला ठाऊक नाही," म्हातारा म्हणाला. "जागा मी राखली. पाटी भरणं तुझं काम." आणि गुडघ्यांवर हात टेकून उठला, चालू लागला.

हौसा रिकाम्या पाटीमागे बसून राहिली. कांदेवाला पुन्हा आला. "उठताय ना?" त्याने विचारले.

"नाही," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला अनोळखी वाटला.

घरी परतताच ती मळ्यात उतरली. आता ती गेलेले मोजत नव्हती, उरलेले शोधत होती. मुळ्याचा पाला फाटला होता. जमिनीतला मुळा शाबूत होता. कोसळलेला मांडव उचलला तर त्याखाली तांदुळजा हिरवागार उभा. पाटाकडेच्या अळवाने नवी सुरळी काढली होती. दोडक्याचे मोडलेले वेल काढून तिने त्या जागी पुन्हा वाफे ओढले आणि मेथी टाकली.

बाजाराच्या सकाळी ती तांदुळज्याच्या जुड्या बांधत असताना केरबा खाटेवरून म्हणाला, "इकडं दे." डाव्या हाताने आणि दातांनी त्याने एक जुडी बांधली. वाकडीतिकडी झाली. त्याने ती सोडली आणि पुन्हा बांधली. हौसाने भाजीचा भारा त्याच्या जवळ सरकवला.

तेवढ्यात दारात गाडी थांबली. दिगंबर आत आला आणि जुड्यांच्या ढिगाकडे पाहतच राहिला. "वहिनी, सामान बांधलं नाही अजून?"

"बांधतोय की दोघं," हौसा म्हणाली. "आलात ते बरं झालं, भावजी. गाडी बाजारापर्यंत न्या."

"पण वहिनी, पुन्हा गारा पडल्या तर?"

"पडतील. त्यांना कोण अडवणार?" हौसाने पदर खोचला. "आणि मला तरी कोण अडवणार?"

जिला आपण सोडवायला आलो, ती कुठे अडकलेलीच नव्हती, हे दिगंबरला उमगले. त्याने भाजीचा भारा उचलला आणि गाडीत नेऊन ठेवला.