काठाची दोरी

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या डोंगरावर ती घडली त्याला तेव्हा नावसुद्धा पडलं नव्हतं. लहानांनी पुढे बसावं, मोठ्यांनी मागे. ऐकायचं मात्र दोघांनीही, कारण यातली चूक मोठ्यांनीच केलेली आहे.

त्या डोंगराच्या उतारावर वीस उंबऱ्यांचं एक गाव होतं. खाली तळ्याकाठी लव्हाळं माजायचं आणि गाव त्याच्या चटया विणायचं. आता चटया काय, सगळीकडेच विणतात. पण या गावाची रीत निराळी होती. इथे नक्षी कोणी रंगवून ठेवत नसे की डोक्यात साठवत नसे. ती दोरीवर बांधून ठेवत. अंबाडीची बारीक दोरी आणि तिच्यावर मोहरीएवढ्या गाठी. बोटाला एक गाठ लागली की लव्हाळ्याचं पातं वरून न्यायचं, जोडगाठ लागली की खालून. दोरी सांगेल तसं हात करायचे. तुमच्यापैकी कोणी संगणकाला सूचना लिहून देत असेल, तर त्याला हे बाकीच्यांपेक्षा लवकर कळेल.

नदीपलीकडच्या शहरात हजारो विणकर होते. ते रंगवलेल्या फळ्या समोर ठेवून विणत. गाठींची भाषा साऱ्या जगात फक्त या वीस घरांना येत होती.

दोऱ्या कोणा एकाच्या मालकीच्या नव्हत्या. चावडीच्या भिंतीला खुंट्या होत्या आणि प्रत्येक खुंटीवर एक दोरी. ज्याला हवी त्याने न्यावी, विणून झालं की आणून टांगावी. कोणाला रिकाम्या वेळी नवी नक्षी सुचली, की तो हौसेने नवी दोरी बांधून टांगायचा. त्याला कोणी सांगत नसे आणि त्याबद्दल कोणी काही देतही नसे. "आमचं गाव हौसेवर चालतं," असं गावकरी आल्यागेल्याला छाती फुगवून सांगायचे.

दर पौषात गाव चावडीत जमायचं. नव्या दोऱ्या सगळ्यांच्या हातांतून फिरायच्या आणि जी सरस ठरेल ती बांधणाऱ्याच्या खांद्यावर गाव शेला घालायचं. लागोपाठ तीन वर्षं तो एकाच तरुण विणकरणीला मिळाला होता. लोक तिला शेलेवालीच म्हणू लागले होते, आणि तिला ते आवडत नव्हतं असं नाही.

एका दोरीला मात्र कधी शेला मिळाला नाही. ती होती काठाची दोरी. चटईच्या मधे मोर असो की कमळ, काठ त्या एकाच दोरीवरून विणला जाई. काठ धरून ठेवतो म्हणून मोर मोर राहतो, नाहीतर तो पात्यांचा नुसता भारा. सगळ्यांच्या हातांतून रोज फिरणारी ही दोरी पावसाळ्याच्या दमट हवेत दरवर्षी कुजायची. मग थोरली नवी बांधायची आणि जुनी त्याच दिवशी तळ्यात सोडून द्यायची. का, ते विचारू नका. रीत म्हणजे रीत.

थोरली म्हणजे गावातली सर्वांत वयस्क बाई, घरात एकटीच राहणारी. चाळीस वर्षं ती काठाची दोरी बांधत आली होती. कोणी सांगितलं नव्हतं, तीच करू लागली आणि करत राहिली. तरुणपणी तिने स्वतःला निजायला एक चटई विणायला घेतली होती. एका बाजूचा काठ आणि वर चार बोटं नक्षी झाली होती, तेवढ्यात कोणीतरी दारात येऊन म्हणालं, "काठ अडकलाय गं, जरा बघतेस?" ती उठली. दुसऱ्या दिवशी दुसरं कोणी आलं. ती चटई तेव्हापासून कोपऱ्यात गुंडाळून उभी होती आणि थोरली घोंगडीवर निजत होती.

तिला हात द्यायला कोणी आलंच नाही, असं मात्र समजू नका. पाच वर्षांपूर्वी शेलेवाली, तेव्हा ती शेलेवाली झाली नव्हती, तिच्याकडे गेली होती.

"आजी, मला काठ बांधायला शिकव."

थोरलीने चार गाठी बघितल्या आणि दोरी तिच्या हातातून काढून घेतली. "राहू दे गं. तू चुकवशील आणि मग मलाच सोडवत बसावं लागेल."

पोरगी परत गेली ती गेलीच. तिने नव्या नक्ष्या बांधायला घेतल्या. तिथे हातातली दोरी काढून घेणारं कोणी नव्हतं.

असंच चाललं असतं. पण एका पौषात चावडीत अकरा नव्या दोऱ्या आल्या. प्रत्येकीचं कौतुक झालं. थोरलीनेही त्या वर्षीची काठाची दोरी खुंटीला टांगली. तिच्याकडे कोणी वळून पाहिलं नाही. फक्त एकजण म्हणाला, "मागच्या साली काठ जरा सैल होता, आजी. यंदा नीट बांधलास ना?"

"बांधलाय की," थोरली म्हणाली आणि तिने हात पदराखाली घेतले.

पुढच्याच महिन्यात राणीच्या दरबारासाठी शंभर चटया मागवल्या गेल्या. या गावाला गिऱ्हाईक म्हणाल तर दरबार हे एकच. गावाने जीव ओतून चटया विणल्या. ओल्या लव्हाळ्याच्या त्या हिरव्यागार चटया गाडीत भरून गेल्या आणि चैत्रात त्याच गाडीतून परत आल्या. लव्हाळं वाळलं तसे कोपरे सुटले होते. मोराची पिसं मोराला सोडून गेली होती.

गाडीबरोबर आलेला दरबारचा माणूस सभ्य होता. तो म्हणाला, "दोन महिन्यांनी मोठा दरबार भरायचा आहे. तोवर टिकणारी चटई आली तर ठीक. नाहीतर राणीसाहेब शहराच्या फळीवाल्यांना सांगणार आहेत."

याचा अर्थ सगळ्यांना कळला. दरबार गेला की तरुण मंडळी फळ्या शिकायला नदी ओलांडणार. गाठींची भाषा उरलेल्या म्हाताऱ्यांच्या बोटांत राहणार आणि त्यांच्याबरोबरच जाणार.

सगळं गाव थोरलीच्या दारात गेलं. गावचा कारभारी पुढे, शेलेवाली त्याच्या मागे. सगळे चिडलेले होते.

"काठ चुकलाय, आजी," कारभारी म्हणाला. "शंभरच्या शंभर चटया गेल्या."

थोरलीने हात पदरातून बाहेर काढले आणि त्यांच्यासमोर धरले. "दोन वर्षं झाली, बोटांना गाठ कळत नाही. एक की जोड, काही समजत नाही. नजर तर आधीच गेली. मी अंदाजाने बांधते."



"मग सांगितलं का नाहीस?" कारभाऱ्याने विचारलं.

"चाळीस वर्षांत तुमच्यापैकी कोणी विचारलं, की आजी, जमतंय का? काठ बिघडला की दार वाजायचं. नीट असला की मी जिवंत आहे की मेले, कोणाला पत्ता नसायचा."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणून लोकांनी माना खाली घातल्या. शेलेवालीने मात्र मान वरच ठेवली. "मी आले होते, आजी. तू माझ्या हातातली दोरी काढून घेतलीस."

थोरलीने आवाजाच्या रोखाने मान वळवली. मग हळूच म्हणाली, "घेतली खरी."

त्या दुपारी गाव चावडीत बसलं. दरबारच्या माणसाने एक तोड सुचवली. राणी एक पगारी गाठकरी नेमेल, पण तो महालात बसेल आणि दोऱ्याही तिथेच राहतील. काहींना ते पटलं. कारभारी म्हणाला, "मग आपल्याकडे काय उरेल? भिंत आणि खुंट्या." एक म्हातारा म्हणाला, पोरांनी फळ्याच शिकाव्यात, जगाबरोबर राहावं. 

शेवटी कारभाऱ्याने विचारलं, "आपण सगळ्यांना सांगत आलो, की गाव हौसेवर चालतं. चालतं की नाही, एवढं एकदा खरं सांगा."

उत्तर शेलेवालीने दिलं. "नवी दोरी बांधायला हौस पुरते. कुजलेली दोरी परत बांधायला पुरत नाही. मी माझ्यावरूनच सांगते. मी बारा दोऱ्या बांधल्या आणि त्यातली एकही पुन्हा तपासली नाही."

"तपासायचं म्हटलं तरी कशावरून?" कोणीतरी म्हणालं. "काठाची खरी दोरी तर तळ्यात गेली. जुन्या चटयाही झिजून चुलीत गेल्या."

तेव्हा थोरली दारातून बोलली. ती केव्हा येऊन उभी राहिली, कोणाला कळलं नव्हतं. तिच्या काखेत गुंडाळी होती.

"माझ्याकडे एक जुना काठ आहे. बोटं शाबूत होती तेव्हाचा."

चटई उलगडली. एक काठ, वर चार बोटं नक्षी. काठाचे पदर एकावर एक असतात, वरून वाचता येत नाहीत. आत कसं विणलंय ते बघायचं तर तो उसवावाच लागतो. हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कोणी पुढे होईना. थोरलीने आपल्या त्या एवढ्याशा चटईवरून एकदा हात फिरवला.

"उसवा," ती म्हणाली.

मग पंधरा दिवस बाकीच्या एकोणीस घरांतलं एकेक माणूस तिच्याभोवती बसलं. काठाचे एकोणीस भाग केले आणि प्रत्येक घराने एक उचलला. बोटं त्यांची आणि माहिती थोरलीची. कोपऱ्यात सात गाठी जास्तीच्या का, ते तेव्हा प्रथमच गावाला कळलं. लव्हाळं वाळताना आखडतं, म्हणून कोपऱ्यात ढील ठेवावी लागते; दर गाठीला एक ढिलं पातं, तेवढं मात्र वरूनही हाताला लागतं. नेमकं तेच दोन वर्षं चुकत होतं. सगळे गाठी मोठ्याने म्हणत बांधत, आणि कोणी गाठ चुकवली की थोरलीचा हात दोरीकडे जायचा, आणि मग ती तो स्वतःच मांडीखाली दाबून बसायची. हसू यायचं बघून.

"आणि या सातांतल्या शेवटच्या दोन गाठी कशाला?" एकाने विचारलं.

थोरलीने खूप विचार केला. "त्या उगाच आहेत रे. सवयीने बांधत आले."

चाळीस वर्षांच्या दोन गाठी त्या दिवशी गळाल्या.

दोरी तयार झाली आणि सगळे मिळून चटया विणायला बसले. त्या वेळी गावाने तीन नव्या रीती ठरवल्या. खुंटीवरची प्रत्येक दोरी दोन घरांना येत असली पाहिजे. जिला दुसरं घर मिळणार नाही ती खाली उतरेल. जो दुरुस्तीला बसेल, त्याच्या घरचं विणकाम तेवढे दिवस शेजारी करतील. आणि नवी दोरी टांगल्याशिवाय जुनी तळ्यात सोडायची नाही, आणि टांगल्यावरही वर्षभर जपायची.

बोलायला सोपं होतं. चौसष्ट दोऱ्यांपैकी एकोणीस दोऱ्यांना दुसरं घर मिळालं नाही. त्यात शेलेवालीचा मोर होता, ज्याने तिला पहिला शेला मिळवून दिला होता. तिने तो स्वतःच्या हाताने खाली उतरवला आणि ती सगळ्यांदेखत रडली. तिला फार वाईट वाटलं होतं, आणि वाटायलाच हवं होतं.

थोरली तिच्याजवळ बसली. "मोर देखणा होता गं. पण तुझ्यामागे त्याला दाणा कोण घालणार?"

दोन महिन्यांनी चटया दरबारात गेल्या. त्या वाळल्या आणि टिकल्या. पुढच्या वर्षीही दरबाराने तिथूनच मागवल्या. म्हणून गावाची भरभराट झाली, असं मी सांगणार नाही. फळीवाले हजारोच राहिले. तिघे तरुण तरीही नदी ओलांडून गेले. वीस उंबऱ्यांचे काही वर्षांनी बावीस झाले, एवढंच. पण भाषा मेली नाही.

पुढच्या पौषात गाव चावडीत जमलं. नव्या दोऱ्या त्या वर्षी दोनच होत्या. कारभाऱ्याने शेला हातात घेतला आणि तो अडला. काठ वीस घरांनी बांधला होता, मग शेला घालायचा कोणाला?

शेलेवाली उठली आणि कोपऱ्यातून एक गुंडाळी घेऊन आली. तिने ती थोरलीच्या पुढ्यात उलगडली. उसवलेली ती चटई होती, आता पूर्ण झालेली. ठरलेल्या रीतीप्रमाणे थोरलीच्या घरचं विणकाम शेजाऱ्यांनी केलं होतं. चारी बाजूंनी काठ होता, आणि चारी कोपरे शेलेवालीच्या हातचे होते.

थोरलीने काठावरून बोटं फिरवली. तिला काहीच कळलं नाही. तिने पुन्हा फिरवली. मग ती वाकली आणि तिने कोपऱ्यावर गाल टेकवला.  तिने गाल हळूहळू सरकवला, एका पात्यावरून दुसऱ्या पात्यावर, कोपरा संपेपर्यंत.

"पाच," ती म्हणाली. "बरोबर आहे."

मग ती तिथेच त्या चटईवर आडवी झाली आणि कारभाऱ्याने शेला तिच्या अंगावर पांघरला.

तेव्हा बाळांनो आणि बाळांच्या आईबापांनो, एवढं ध्यानात ठेवा: हौसेचं काम गावाला तारतं, पण ते करणाऱ्याने दुसऱ्याच्या हाती दोरी दिली आणि गावाने ती घेतली तरच.