परीक्षेच्या नावेत कोण बसणार

फार पूर्वी एका रुंद नदीच्या काठी एक गाव होतं. नदीला पूल नव्हता, म्हणून गावातल्या प्रत्येक मुलाला नाव चालवता यावी लागे. त्यासाठी काठावर एक शाळाच होती. लहान मुलं उथळ पाण्यात शिकायची, मोठी मुलं धारेत. शेवटच्या वर्षी परीक्षा असे. नाव वल्हवत पैलतीराला लावायची. लागली की शाळा संपली. नाही लागली तर आणखी एक वर्ष उथळ पाण्यात, धाकट्या भावंडांच्या शेजारी.

परीक्षेचा नियम एकच होता. वल्ह्याला दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये.

नियमाच्या जोडीला एक रीतही होती. तिला पाठराखण म्हणत. कधीकाळी एक मुलगा धारेला घाबरला, तेव्हा त्याची आई त्याच्या नावेत जाऊन गप्प बसून राहिली. एवढंच झालं होतं. पण मोठ्या माणसांना एखादी चांगली गोष्ट सापडली की ती वाढवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. पुढच्या वर्षी आईशेजारी बाप बसला, मग काका, मग आत्या, मग आत्याच्या सासरचे. होता होता ज्याच्या नावेत माणसं जास्त त्याच्या घरात माया जास्त, असं ठरून गेलं. नावा काठोकाठ भरू लागल्या आणि मुलं नापास होऊ लागली. मोठी माणसं म्हणत, "हल्लीच्या पोरांच्या दंडात जोरच नाही."

या गावात एक मुलगी होती. तिचा हात वल्ह्यावर चांगला बसला होता. नदी समुद्राला मिळते तिथल्या बंदरावर तिला नावाड्याचं काम कबूल झालं होतं, पण पास झाली तरच. बंदरवाले तिच्यासाठी वर्षभर जागा अडवून ठेवणार नव्हते.

परीक्षा जवळ आली तसं तिचं घर भरू लागलं. जो येई तो काहीतरी सांगून जाई.

"सकाळी लवकर उठत जा," काका म्हणाले. "आमच्या वेळी आम्ही पुरात परीक्षा दिली."

"पुरात परीक्षा ठेवतच नाहीत, काका."

"तेव्हा ठेवायचे."

आत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "अजिबात घाबरू नकोस गं. नापास झालीस तरी आम्ही चकार शब्द काढणार नाही. गेल्या वर्षी त्या शेजारच्या पोराला तरी कुठे काय बोललो आम्ही?"

शेजारच्या पोराची नाव भर धारेत हेलकावली तेव्हा त्याच्या मामांनी मायेपोटी वल्हं धरलं होतं. नियमाप्रमाणे पोरगा नापास झाला. मामांना कुणी काही म्हणालं नाही. पोरगा तेव्हापासून नदीकडे फिरकलाही नव्हता.

परीक्षेच्या सकाळी मुलगी काठावर आली, तर तिच्या नावेत अख्खं घराणं बसलेलं. काकांनी पुढची जागा धरली होती. आत्याने मांडीवर फराळाचा डबा घेतला होता. आजोबांना ऊन लागतं म्हणून एकजण छत्री धरून उभा होता. नावेची कड पाण्याला जेमतेम बोटभर वर होती.

"चल, ये लवकर," काका म्हणाले. "खडक आला की मी सांगतोच."

मुलगी नावेत चढली नाही. ती म्हणाली, "सगळे उतरा."

सगळे एकदम बोलू लागले. वडील माणसांशी बोलायची ही पद्धत झाली का, इथपासून सुरुवात झाली.

"मग वजनाला काय दगड नेणार आहेस नावेत?" आत्याने विचारलं.

"नेला असता आत्या. निदान दगड बोलत नाही."

मुलीचा बाप मागच्या फळीवर बसला होता. गावात त्याच्यासारखा नावाडी नव्हता, आणि दुसऱ्याची चूक दिसली की त्याला गप्प बसवत नसे. तो खाली उतरला, तिच्याजवळ आला आणि म्हणाला, "तुला काय हवंय?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न पहिल्यांदाच कुणी विचारला होता.

"नाव अगदी रिकामी असली की उडते," ती म्हणाली. "एका माणसाचं वजन हवंय. तुम्ही बसा. पण बोलायचं नाही."

"आणि तू चुकलीस तर?"

"तरी नाही."

बापाने नदीकडे पाहिलं. "हे अवघड आहे."

"माझंही अवघडच आहे, बाबा."

बाकीचे फुगून उतरले. नाव सुटली.

मुलगी मागे उभी राहून वल्हवत होती आणि बाप तिच्याकडे पाठ करून बसला होता. निम्मी नदी ठीक गेली. मधल्या खडकाजवळ मात्र तिने वळण उशिरा घेतलं. धारेने नावेचं तोंड फिरवलं आणि नाव आडवी वाहू लागली. काठावरून ओरडा सुरू झाला, पण पाण्याच्या आवाजात तो ऐकू येत नव्हता.

बापाची मान झटकन मागे वळली. त्याचा हात फळीवरून उठला. वल्हं त्या हातापासून वीतभर लांब होतं. मुलीने हात पाहिला. ती धारेशी झगडतच राहिली. बापाने हात मागे घेतला, दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबले आणि तोंड पुन्हा पुढे केलं. त्याचे कान लाल झाले होते.

मुलीने धारेशी झगडणं सोडलं. नाव थोडी खाली वाहू दिली आणि खडकाच्या पाठीमागे, जिथे पाणी संथ असतं, तिथे आत घातली. दम घेतला. मग तिथून नीट पाहून उरलेली धार तिरकी कापली. नाव पैलतीराला लागली, पण घाटाच्या बरीच खाली, झुडपांत.

पैलतीरावर परीक्षा घ्यायला थांबलेले गुरुजी चालत तिथवर आले. "वेळ लावलास," ते म्हणाले. "वल्ह्याला कुणाचा हात?"

"माझाच."

"मग शाळा संपली तुझी."

गुरुजी निघून गेले. बापाने मांड्यांखालचे हात बाहेर काढून चोळले. त्याच्या तोंडात खूप काही साठलं होतं, ते दिसतच होतं. तरी तो गप्प होता. मुलगी त्याच्या शेजारी फळीवर बसली.

"बाबा, त्या खडकाशी तुम्ही काय केलं असतं?"

बाप सांगू लागला. वळण कुठे घ्यायचं, पाण्याचा रंग कुठे बदलतो, वल्हं किती खोल घालायचं. परतीची नदी संपली तरी त्याचं सांगणं संपलं नव्हतं, आणि मुलगी वल्हवता वल्हवता एकेक शब्द ऐकत होती.

तात्पर्य: परीक्षेला निघालेल्या मुलाला आधार द्यायचा असेल, तर काय हवंय ते आधी त्यालाच विचारावं आणि वल्हं त्याच्याच हातात राहू द्यावं. तुमचं शहाणपण वाया जात नाही. मुलं ते मागायला येतात, तोवर मोठ्यांना गप्प बसता आलं पाहिजे.