दिवस भरलेलं विमान

विमानतळाच्या कुंपणाला लागून एक गाव होतं. त्या गावात केरबा नावाचा एक भोळा गडी होता. त्याची बायको गोजरा चार महिने माहेरी होती. सासरा म्हणाला होता, "नोकरी पक्की झाली की लेक पाठवतो. तोवर नाही."

म्हणून केरबा विमानतळाच्या फाटकावर राखणीला लागला. आठवडाभर काम बघायचं आणि मग पक्का करायचा, असं ठरलं.

पहिल्या दिवशी आण्णाप्पा मुकादमांनी त्याच्या हातात पितळी थाळी दिली. "धावपट्टीवर पाखरू आलं की विमानाला धोका. कावळे आले की थाळी बडवायची. आत सोडायचं नाही."

"बरं," केरबा म्हणाला.

दुपारी जीप आली. एक साहेब उतरले. "दार उघड. मी कावळे."

केरबानं त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं आणि त्यांच्या कानाशी थाळी बडवायला सुरुवात केली. साहेब डावीकडं गेले, केरबा डावीकडं गेला. साहेब उजवीकडं गेले, केरबा उजवीकडं. शेवटी मुकादम धावत आले.

"अरे बाबा, हे विमानतळाचे मोठे साहेब. दारात आलेल्याला असं हाकलतात का? या म्हणावं, बसा म्हणावं, पाणी द्यावं."

"चुकलं. पुढच्या वेळी तसंच करतो."

दुसऱ्या दिवशी पारूकाकूंची म्हैस दारात आली. केरबानं दार सताड उघडलं. "या, बसा," म्हणाला. बादलीभर पाणी दिलं. म्हैस पाणी प्याली आणि ऐन धावपट्टीवर जाऊन बसली. वर एक विमान तिच्या उठण्याची वाट बघत घिरट्या घालत राहिलं.

म्हैस न्यायला पारूकाकू आल्या त्या कडाडतच. "माझी गाभण म्हैस उन्हात बसवलीस व्हय रं? दिवस भरलेल्या जिवाला सावली करावी. माणसांचा घोळका जवळ येऊ देऊ नये. बोलायचं झालं तर हळू बोलावं."

"चुकलं, काकू. पुढच्या वेळी तसंच करतो."

"आता शेवटची संधी," मुकादम म्हणाले. "आणखी एक घोटाळा केलास, तर घरी."

आठवड्याच्या शेवटच्या दिवशी एक विमान उतरलं. तसलं विमान त्या गावानं कधी बघितलं नव्हतं. डोकं बारीक, शेपूट बारीक आणि मधे पोट, भोपळ्यासारखं गरगरीत. बघायला सारं गाव लोटलं.

"एवढं पोट कशानं?" केरबानं विचारलं.

"पोटात लहान विमान आहे," मुकादम म्हणाले. "थोड्या वेळात बाहेर येईल."

केरबाचा चेहरा गंभीर झाला. त्यानं फाटकाला कुलूप घातलं, डोक्याचा पटका सोडला आणि विमानाच्या नाकावर सावली धरायला निघाला. पटका पुरेना. मग तो परत येऊन फाटकाला पाठ लावून उभा राहिला.

"हळू बोला," तो कुजबुजला. "पहिलटकरीण आहे."

सरपंच आले, त्यांना थांबवलं. फौजदार आले, त्यांनाही थांबवलं. कावळेसाहेब आले.

"केरबा, मला तरी सोड."

"पुरुषमाणसाचं तिथं काय काम, साहेब?"

तेवढ्यात विमानाचं नाक वर उचललं गेलं. तोंड उघडलं. आतल्या माणसांनी एक लहानसं विमान बाहेर ढकललं. त्याचे पंख सोडवून वेगळे बांधून ठेवलेले होते.

केरबाच्या डोळ्यांत पाणी आलं. "सातव्यातच काढलं हो. पंख फुटायचे राहिले."

कावळेसाहेब पोट धरून हसले. मग म्हणाले, "मुकादम, ह्यानं एवढं गाव एकट्यानं थोपवलं. एक माणूस आत शिरला नाही. करा पक्का. केरबा, आता तोंड गोड कर."

"कुणाचं, साहेब?"

"अरे, ज्याच्यामुळं नोकरी पक्की झाली, त्याचं."

साहेब पेढ्यांची वाट बघत बसले. केरबा गुऱ्हाळावर गेला आणि घागरभर काकवी घेऊन आला. विमानाच्या उघड्या तोंडात शिडी लावून त्यानं ती सगळी ओतली. काकवी बिजागऱ्यांत उतरली आणि सुकली. तोंड काही मिटेना.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी गोजरा सासरी आली. फाटकाशी उभं राहून तिनं विमान बघितलं. विमानाला मुंग्यांची रांग लागली होती. चार माणसं गरम पाण्यानं त्याचं तोंड धूत होती.

"अहो, हे असं आ करून का उभंय?"

"अजून मागतंय," केरबा म्हणाला, आणि दुसरी घागर आणायला गेला.